फिरत्या गाडीतील पाण्याची टाकी : स्वच्छता, मापे आणि जबाबदारी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चाकांवरच्या घरांचा धंदा उभा राहू लागला आहे. टेम्पो किंवा मिनी बसच्या सांगाड्यावर झोपण्याची जागा, ओटा, न्हाणीघर व संडास बसवून कॅराव्हॅन तयार केली जाते. अमेरिकेत हा उद्योग फार जुना आहे. तेथील इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव तर अशा गाड्यांच्या कारखान्यांमुळेच ओळखले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्याच वर्षी केरळनेही तसे धोरण जाहीर केले. दुसरीकडे शहराशहरांत खाद्यपदार्थांच्या गाड्या, म्हणजे फूड ट्रक, वाढले आहेत. या दोन्ही प्रकारांत सांगाडा बांधणारे, वेल्डिंग करणारे, नळकाम करणारे, वायरिंग करणारे आणि पुढे गाडी चालवून पोट भरणारे असे अनेक मुस्लिम कारागीर व व्यावसायिक आहेत.

या गाड्यांत गादी, रंग, दिवे आणि संगीत यांवर भरपूर खर्च होतो. पाण्याची टाकी मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशात बसवली जाते. ती बाकाखाली दडलेली असते. गिऱ्हाईक ती उघडून पाहत नाही. म्हणूनच ती कारागिराच्या व मालकाच्या हातातील अमानत ठरते. गिऱ्हाईक नळ उघडतो, पेला भरतो आणि आपल्या मुलाला देतो. त्या क्षणी तो आपल्या कामावर विश्वास टाकत असतो.

ही टाकी कशी असावी, कशी भरावी, तिचे निर्जंतुकीकरण कोणत्या मापाने करावे आणि त्यातून चार पैसे कसे मिळवावेत, याचा पाठ या लेखात दिला आहे. हिशोब सोपा आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचल्यास तो एका बैठकीत येईल.

स्वच्छ दिसणारे आणि सुरक्षित असणारे

पाणी नितळ आहे, वास नाही, चव चांगली आहे, म्हणजे ते पिण्याजोगे आहे, असा बहुतेकांचा समज असतो. येथे फिकहमधील एक मुद्दा समजून घेणे उपयोगी पडेल. मोठ्या साठ्यात नापाक वस्तू पडल्यास पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली की नाही, यावर निर्णय होतो. मोठा साठा कोणता, याचे माप शाफई मसलकात दोन कुल्ले, तर हनफी मसलकात दहा हात लांब व दहा हात रुंद असा हौद, असे सांगितले जाते. ही कसोटी तहारतीची आहे आणि त्या कामासाठी ती पुरेशी आहे. परंतु कावीळ, विषमज्वर किंवा पटकीचे जंतू पाण्याचा रंगही बदलत नाहीत, वासही नाही आणि चवही नाही. पाणी पाक असेल, तरी ते पिण्यास सुरक्षित असेलच असे नाही. दोन्ही कसोट्या वेगळ्या आहेत आणि दोन्ही पाळायच्या आहेत.

याचे मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून ते शहराच्या जलकेंद्रात शिरले. त्यानंतर सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. विशेष म्हणजे जलकेंद्राने तुरटी व क्लोरीन वाढवले होते. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूंचे आजार वाढले नाहीत, परंतु काविळीचा विषाणू तेवढ्या मात्रेला दाद न देता घरोघरी पोचला. अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. त्या वेळी तपासलेल्या पाण्याच्या काही नमुन्यांत दोष आढळले. तात्पर्य, विकत घेतलेले पाणी, टँकरचे पाणी किंवा गाळलेले पाणी, यांपैकी कोणतेही डोळे मिटून घेऊ नये.

गाडीतील पाणी बिघडते कोठे?

नगरपालिकेच्या नळाला येणारे पाणी सहसा क्लोरीन घातलेले असते. मग ते गाडीत गेल्यावर का बिघडते? त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण उष्णता. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील टाकी तापते. तापलेल्या पाण्यातील क्लोरीन लवकर उडून जाते आणि जंतूंना वाढायला कोमट पाणी मिळते.

दुसरे कारण साठून राहणे. कॅराव्हॅन आठवड्यातून दोन दिवस फिरते आणि पाच दिवस उभी असते. त्या पाच दिवसांत टाकीच्या व नळ्यांच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. हा थर म्हणजे जंतूंची वसाहत होय. वरून कितीही ताजे पाणी भरले, तरी थरातील जंतू त्यात मिसळत राहतात. टाकी नुसती विसळून हा थर जात नाही.

तिसरे कारण भरण्याची नळी. पाणी चांगले असते, परंतु गॅरेजच्या फरशीवर लोळणारी, तोंड उघडे असलेली, कधी काळी सांडपाण्याच्या टाकीला लावलेली नळीच पिण्याच्या टाकीत घातली जाते.

चौथे कारण टाकीचीच रचना. झाकण सैल, हवेच्या नळीला जाळी नाही, तळाशी गाळ निघायला वाट नाही. अशा टाकीत धूळ, मुंग्या, झुरळे व डास सहज शिरतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रात्री भांडी झाकून ठेवण्याची व मशकीचे तोंड बांधण्याची ताकीद दिली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांनी मशक खांद्यावर घेऊन पाणी पुरवले. भिश्त्याचा तो साधा नियम, म्हणजे तोंड बांधलेले आणि आत काही जाऊ न देणे, आजच्या प्लॅस्टिकच्या टाकीलाही जसाच्या तसा लागू आहे.

टाकी घेताना व बसवताना

टाकी अन्नपाण्यासाठी योग्य अशा प्लॅस्टिकची, म्हणजे फूड ग्रेड पॉलिथिलीनची, किंवा ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची असावी. मोठ्या प्लॅस्टिक टाक्यांसाठी आयएस १२७०१ हे भारतीय मानक आहे. गाडीसाठी विशेष आकाराची टाकी बनवून घेतली, तरी कच्चा माल त्याच दर्जाचा मागावा व तसे बिलावर लिहून घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भंगार बाजारात निळे ड्रम स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वी ॲसिड, रंग, जंतुनाशक किंवा औषध कारखान्याचा माल आलेला असतो. प्लॅस्टिक तो माल काही प्रमाणात शोषून घेते आणि पुढे पाण्यात सोडत राहते. सोडा, साबण, गरम पाणी, कशानेही धुतले तरी असा ड्रम पिण्याच्या पाण्याला चालत नाही. क्लोरीनने जंतू मरतात, रसायन जात नाही. चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी असा ड्रम बाकाखाली बसवणे ही सरळ फसवणूक आहे, मग गिऱ्हाइकाला ते कधी कळो वा न कळो.

बसवताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) टाकी अपारदर्शक असावी. प्रकाश गेला की शेवाळ धरते.

२) हात किंवा ब्रश आत जाईल एवढे तोंड असावे. ज्या टाकीत हात जात नाही, ती कधीच साफ होत नाही.

३) तळाला किंचित उतार द्यावा व सर्वांत खालच्या जागी ड्रेन कॉक बसवावा. पंपाची नळी तळापासून थोडी वर घ्यावी, म्हणजे गाळ खेचला जाणार नाही.

४) हवेची नळी खाली वळवलेली असावी व तिच्या तोंडाला बारीक जाळी असावी.

५) सांडपाण्याची व संडासाची टाकी पिण्याच्या टाकीच्या वर कधीही नसावी. दोन्हींच्या भरण्याच्या व रिकाम्या करण्याच्या जागा गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंना असाव्यात.

६) पंपानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असावा, म्हणजे पाणी उलटे येणार नाही.

७) जोडांना सफेदा व सुतळी लावण्याची जुनी पद्धत येथे सोडावी. सफेद्यात शिसे असू शकते. टेफ्लॉन टेप वापरावा. लोखंडी टाकीला आतून तेलाचा रंग देऊ नये.

८) एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १२० लिटरची भरलेली टाकी म्हणजे दोन माणसांचे वजन. ते चाकांच्या आसाजवळ असावे. टाकी मोठी असेल, तर आत आडवे पडदे घालावेत. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळली की गाडी खेचली जाते.

टाकी भरताना

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी. ती फूड ग्रेड असावी आणि तिचा रंग ठरलेला असावा, उदाहरणार्थ पांढरा. बागेची हिरवी नळी पिण्यासाठी बनवलेली नसते. उन्हात तापल्यावर तिच्यातील द्रव्ये पाण्यात उतरतात आणि पाण्याला रबराचा वास येतो. सांडपाण्याची नळी दुसऱ्या रंगाची व दुसऱ्या कप्प्यात ठेवावी. काम झाल्यावर पिण्याची नळी पूर्ण रिकामी करून तिची दोन्ही टोके एकमेकांत अडकवावीत, किंवा त्यांवर टोपणे लावावीत.

अनोळखी नळावर भरताना आधी नळाचे तोंड क्लोरीनच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे. एक मिनिट पाणी वाहू द्यावे, मग नळी जोडावी. नळीचे टोक बादलीत किंवा जमिनीवरील पाण्यात बुडालेले ठेवू नये, कारण दाब कमी झाला की घाण पाणी उलटे खेचले जाते.

पाणी गढूळ असेल, तर ते टाकीत भरूच नये. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच लढते आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. विहिरीचे पाणी, विशेषतः पावसाळ्यात, आणि टँकरचे पाणी तपासल्याशिवाय सुरक्षित मानू नये.

क्लोरीनचा हिशोब

आता पाठाचा मुख्य भाग. बाजारात क्लोरीन दोन रूपांत मिळते. एक, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पुडा उघडा राहिला, ओल लागली, की ते २५ टक्के किंवा त्याहूनही खाली येते. दोन, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. ते ४ ते ५ टक्क्यांचे मिळते. बाटलीवर टक्के लिहिलेले असावेत. सुगंधी किंवा साबण मिसळलेले ब्लीच अजिबात घेऊ नये. पावडरीत चुना असल्याने गाळ राहतो, म्हणून गाडीसाठी द्रावण अधिक सोयीचे पडते.

प्रथम टाकीत किती पाणी मावते ते काढावे. चौकोनी टाकीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि १००० ने भागावे. १०० × ४० × ३० = १,२०,०००. भागिले १००० = १२० लिटर. टाकी वाकड्या आकाराची असेल, तर २० लिटरच्या कॅनने मोजून भरावी.

टाकीचे पूर्ण निर्जंतुकीकरण करण्यासाठी प्रत्येक लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागते. त्याचे सूत्र असे :

टाकीचे लिटर × ५ ÷ बाटलीवरील टक्के = लागणारे मिलिलिटर

१२० लिटरची टाकी व ५ टक्क्यांचे द्रावण : १२० × ५ ÷ ५ = १२० मिली. तेच द्रावण ४ टक्क्यांचे असल्यास : १२० × ५ ÷ ४ = १५० मिली. फूड ट्रकची २०० लिटरची टाकी व ४ टक्के : २५० मिली. पावडरलाही हेच सूत्र चालते, फक्त उत्तर ग्रॅममध्ये येते. १२० लिटर व २५ टक्क्यांची पावडर : १२० × ५ ÷ २५ = २४ ग्रॅम. पावडर टाकीत थेट टाकू नये. ती बादलीभर पाण्यात कालवावी, गाळ बसू द्यावा व वरचे नितळ पाणी वापरावे.

अमेरिकेतील कॅराव्हॅनवाले १५ गॅलनला, म्हणजे सुमारे ५७ लिटरला, पाव कप म्हणजे ६० मिली ब्लीच हे माप वापरत आले आहेत. वरच्या सूत्राने पाहिले, तर ते जवळजवळ हेच माप आहे.

कृती

१) फिल्टरची सर्व कार्ट्रिज काढून ठेवावीत. गीझर बंद करून थंड होऊ द्यावा. टाकी पूर्ण रिकामी करावी. तोंडातून हात घालून मऊ ब्रशने आतील बाजू घासावी व गाळ काढावा.

२) टाकी अर्धी भरावी. मोजलेले द्रावण बादलीभर पाण्यात मिसळून ओतावे. मग टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे वरची बाजूही भिजेल.

३) पंप चालू करून एकेक नळ उघडावा. क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी वाहू द्यावे. ओटा, न्हाणीघर, संडासाचा जेट, गरम पाण्याचा नळ, एकही सोडू नये. सुटलेल्या नळातील जंतू दोन दिवसांत पुन्हा सर्वत्र पसरतात. नंतर नळ बंद करून टाकी पुन्हा काठापर्यंत भरावी.

४) चार तास तसेच ठेवावे. शक्य असल्यास मध्येच गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे पाणी सर्व बाजूंना लागेल. स्टीलच्या टाकीत मात्र हे पाणी रात्रभर ठेवू नये, स्टील खाल्ले जाते.

५) ड्रेन कॉक उघडून टाकी, गीझर व नळ्या रिकाम्या कराव्यात. हे पाणी गटारात सोडावे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये, मासे मरतात.

६) चांगले पाणी भरून सर्व नळांतून सोडावे. तीव्र वास जाईपर्यंत दोन-तीन वेळा असे करावे. मग नवी कार्ट्रिज बसवावीत.

सावधगिरी : हातमोजे व चष्मा घालावा. गाडीची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. क्लोरीन आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की विषारी वायू निघतो. बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही बाटल्या एका कप्प्यात ठेवूसुद्धा नयेत.

ही कृती गाडी नवी असताना, दुरुस्तीनंतर, गाडी बराच काळ उभी राहिल्यावर आणि चालू गाडीत दर तीन महिन्यांनी करावी. पावसाळ्याच्या तोंडाशी ती चुकवू नये.

रोजचे पाणी

वरचे माप टाकी धुण्याचे आहे, पिण्याचे नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० असे सांगते की क्लोरीन घातलेल्या पाण्यात नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असावे आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ असावे. दिल्लीच्या काविळीचा धडा येथे आठवावा. क्लोरीनला काम करायला किमान अर्धा तास द्यावा लागतो.

नळाचे पाणी भरल्यावर आधी तपासावे. क्लोरीन पुरेसे असेल, तर काही घालू नये. नसेल आणि पाणी नितळ असेल, तर लिटरला २ मिलिग्रॅम या हिशोबाने घालावे. १२० लिटरला ५ टक्क्यांचे द्रावण सुमारे ५ मिली पुरते. ते सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे, झाकणाने किंवा अंदाजाने नव्हे. अर्ध्या तासाने पुन्हा तपासावे.

तपासणीचे संच स्वस्त असतात. गावोगावी जलसुरक्षक जी ओटी चाचणी करत आले, तिच्यात क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. आता डीपीडीच्या गोळ्या मिळतात, त्यांनी पाणी गुलाबी होते व मापही अधिक अचूक कळते. चाचणीचे पाणी फेकून द्यावे, पिऊ नये.

गाडी चार-पाच दिवसांहून अधिक उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून ड्रेन कॉक उघडा ठेवावा. पुढच्या फेरीला ताजे पाणी भरावे. पाणी वाया जाईल म्हणून जुने ठेवणे ही काटकसर नव्हे.

फिल्टर व गीझर

फिल्टर बसवला की क्लोरीनची गरज नाही, असे अनेक विक्रेते सांगतात. ते अर्धसत्य आहे. कार्बनचा फिल्टर क्लोरीन शोषून घेतो. तो टाकीच्या आधी बसवला, तर टाकीत जाणारे पाणी संरक्षणाशिवाय जाते. म्हणून टाकीच्या आधी फक्त गाळ अडवणारा फिल्टर ठेवावा आणि कार्बन फिल्टर पिण्याच्या नळाशी, अगदी शेवटी बसवावा. कार्ट्रिज वेळेवर बदलावे, नाहीतर तेच जंतूंचे घर होते. अल्ट्राव्हायोलेट दिवा पाणी त्याच्यापुढून जाताना जंतू मारतो, पुढच्या नळीत काहीही शिल्लक ठेवत नाही.

गीझरबाबत एक जुनी घटना लक्षात ठेवावी. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या एका संमेलनानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला व त्यांतील काही दगावले. त्यातून लिजिओनेला या जिवाणूचा शोध लागला. तो कोमट पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. म्हणून गीझर कोमटावर ठेवू नये. पाणी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे व वापरताना थंड पाणी मिसळावे. न वापरलेला शॉवर आधी तोंड दूर करून दोन मिनिटे सोडावा.

“हे फक्त धुण्याचे पाणी आहे”

काही मालक म्हणतात, पिण्यासाठी आम्ही बाटल्या देतो, टाकीचे पाणी फक्त हात-तोंड धुण्यासाठी आहे, मग एवढी उठाठेव कशाला? ही पळवाट आपल्या गिऱ्हाइकांना तर मुळीच लागू पडत नाही. प्रवासातील मुस्लिम कुटुंब त्याच नळावर वुजू करते. वुजूत चूळ भरली जाते आणि नाकात पाणी घेतले जाते, तेही तीन वेळा व दिवसातून अनेकदा. धुण्याचे पाणी तोंडात व नाकात जातच आहे.

नाकाचा मुद्दा विशेष गंभीर आहे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात राहतो. तो प्यायल्याने आजार होत नाही, परंतु नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला, तर रुग्ण क्वचितच वाचतो. हा आजार अत्यंत विरळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. तरीही कराचीत आढळलेल्या रुग्णांपैकी अनेक जण पोहायला गेलेले नव्हते आणि तेथील डॉक्टरांनी नळाच्या व वुजूच्या पाण्याकडे बोट दाखवले. केरळमध्येही २०२४ व २०२५ साली अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. टाकीत पुरेसे क्लोरीन टिकवणे हाच यावरचा साधा उपाय आहे.

टाकीचा आकार ठरवतानाही हे ध्यानात घ्यावे. पाश्चात्त्य नकाशे कागद वापरणाऱ्या कुटुंबासाठी केलेले असतात. आपल्याकडे शौचाला पाणी लागते, वुजूला लागते, गुस्लला लागते. नकाशा जसाच्या तसा उचलला, तर पाणी दुपारीच संपते आणि मग गिऱ्हाईक वाटेत मिळेल तेथून टाकी भरतो. धोका तेथूनच सुरू होतो. यासाठी टाकी पुरेशी द्यावी आणि सोबत पाणी बेताने वापरण्याची सुन्नतही सांगावी. प्रेषित (स.) एका मुदभर पाण्यात, म्हणजे लिटरभराच्या आतबाहेर, वुजू करीत.

यात धंदा कोठे आहे?

आपले कारागीर काम उत्तम करतात, परंतु सेवा विकत नाहीत. गाडी दिली की नाते संपते. येथे तीन संधी आहेत.

पहिली, टाकी-सफाईची सेवा. लागणारे साहित्य थोडे आहे : मोजपात्र, सिरिंज, ब्रश, फूड ग्रेड नळी, हायपोक्लोराइट आणि डीपीडी संच. आपण बांधलेल्या गाड्या दर तीन महिन्यांनी परत आल्या, तर वर्षभर काम चालू राहते.

दुसरी, पाणी-कार्ड. टाकीच्या झाकणाजवळ एक कार्ड चिकटवावे. त्यावर टाकी किती लिटरची, निर्जंतुकीकरणाला किती मिली द्रावण लागते, मागची सफाई केव्हा झाली, पुढची केव्हा, हे लिहावे. खाली दुकानाचे नाव व फोन. जाहिरातही होते आणि गिऱ्हाइकाच्या मनात भरवसाही बसतो.

तिसरी, फूड ट्रकवाल्यांना मदत. अन्नसुरक्षा कायद्याखाली खाद्यव्यावसायिकाला नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि पाणी पिण्यायोग्य असणे बंधनकारक आहे. बर्फ, सरबत, चटणी व भांडी धुण्याचे पाणी हे सर्व त्यात येते. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी सरबताचे शेकडो पेले जातात. तारखेनुसार भरलेली नोंदवही आणि प्रयोगशाळेचा पाणी-तपासणी अहवाल जवळ असेल, तर निरीक्षक आला तरी छाती धडधडत नाही. अहवालात एक ओळ प्रथम पाहावी : १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू एकही आढळता कामा नये.

या सेवेचे पैसे बिलात वेगळे दाखवावेत. लपवून लावलेला खर्च गिऱ्हाइकाला खुपतो, समजावून सांगितलेला खर्च तो आनंदाने देतो.

थोडक्यात पाठ

केमिकलचा ड्रम घेऊ नका. टाकी झाकलेली, जाळी लावलेली व हात जाईल अशी ठेवा. पिण्याची नळी वेगळी ठेवा. लिटर × ५ ÷ टक्के हे सूत्र पाठ करा. चार तास थांबा, सर्व नळ धुऊन काढा. रोज शिल्लक क्लोरीन तपासा. गाडी उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करा.

माप-तोलात काटा न मारणे हा इस्लामी व्यापाराचा पाया आहे. तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे असतो, टाकी मात्र बाकाखाली असते. जेथे गिऱ्हाईक पाहू शकत नाही, तेथेही माप पुरे भरणारा कारागीर हलाल रोजी कमावतो आणि त्याच्या दारात गिऱ्हाईक पुन्हा येते. हे सूत्र आजच आपल्या गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे आणि कामावरच्या पोरांकडून एकदा करून घ्यावे.